मॅच सुटल्यावर दहा जण घरी: रश्श्याआधी हलकं, भाज्या घातलेलं नॉनव्हेज काय करावं?

मंगळवारपेठी (धागाकर्ता)
गुरुवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. रविवारी शाहू स्टेडियमवर मॅच आहे आणि सुटली की सगळी गँग थेट आमच्याकडे. दहाएक जण, त्यात दोन पुण्याचे पाहुणे. जेवण ठरलेलं आहे: मटण, तांबडा, पांढरा, भाकरी, भात. ते आई आणि मी सकाळीच लावणार.

प्रश्न त्याच्या आधीचा आहे. साडेसहाला माणसं येणार आणि पानं वाढायला नऊ वाजणार. एरवी मधल्या वेळात चिकन ६५ येतं, भजी येतात, फरसाणाच्या पिशव्या फुटतात, आणि मग रस्सा प्यायला कुणाच्या पोटात जागाच उरत नाही. मागच्या खेपेला पांढरा रस्सा अर्धं पातेलं उरला. कोल्हापुरात पांढरा उरणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. आई अजून बोलून दाखवते.

तर हवंय असं: तळलेलं नको. मैदा, कॉर्नफ्लॉवर नको. चिकन किंवा मटण असावं, पण भाज्या निम्म्या तरी असाव्यात. आणि माणसं दारात आल्यावर अर्ध्या तासात ताटलीत पडावं. शेगड्या दोन, त्यातल्या एकीवर रस्सा असणार. ओव्हन नाही. बिडाचा तवा आणि मोठी लोखंडी कढई आहे. कोबी, गाजर, कांद्याची पात सध्या कपिलतीर्थ मार्केटात ढिगानं आहे. वडिलांना तेलकट वर्ज्य आहे, तेही धरा.

---

पेठकर_नाद
गुरुवार, रात्री १०:५२

भावा, रश्श्याआधी काय द्यायचं? रस्साच द्यायचा! मटण शिजवल्यावर अळणी (मसाला न घातलेलं मटणाचं पाणी) निघते ती वाट्यांत ओत, वर मिरपूड, लिंबू पिळ. विषय संपला. स्टार्टर-बिर्टर ही हॉटेलवाल्यांनी काढलेली खुळं आहेत. बिल वाढवायला.

---

सासर_पुणे
गुरुवार, रात्री ११:०५

पेठकर, तुमचं पटतंय, पण मॅच बघून आलेली माणसं वाटीभर अळणीवर अडीच तास काढतील का? चावायला काहीतरी लागतंच. नाहीतर परत भजी येणार.

मी इकडे कोबीच्या पानांत चिकन खिमा भरून देते. पानाची वाटी, आत खिमा आणि भाजी, हातात धरून खायचं. पोटाला जड होत नाही. फक्त माझी पानं फाटतात. कुणाला उपाय माहीत असेल तर सांगा, मीही वाचतेय.

---

भटारखाना
शुक्रवार, सकाळी ७:१५

बरीच वर्षं हॉटेलच्या शेगडीसमोर काढलीत, त्यामुळे जरा लांबण लावतो.

घरी केलेलं चिकन-भाजीचं परतणं पाणीदार होतं आणि मग ते घट्ट करायला लोक कॉर्नफ्लॉवर ओततात. कारण एकच, कढईतली गर्दी. अर्धा किलो चिकन आणि तेवढीच भाजी एकदम टाकली की कढई गार पडते, दोन्हींतून पाणी सुटतं, आणि ते पाणी आटेपर्यंत कढईतलं तापमान १०० अंशांच्या वर सरकत नाही. मांसाला खमंग तपकिरी रंग यायला साधारण १४० च्या पुढं जावं लागतं. म्हणजे तुम्हाला वाटतं परतताय, पण खरं तर उकडताय.

तेव्हा मांस वेगळं, भाजी वेगळी, शेवटच्या मिनिटाला दोघांची गाठ.

दहा जणांना ६०० ग्रॅम लेग बोनलेस पुरे. छातीचं घेऊ नका, मोठ्या आचेवर कोरडं पडतं. मशीनचा खिमाही नको, फार बारीक येतो आणि त्याचा लगदा होतो. घरी सुरीनं हरभऱ्याएवढे तुकडे करा. चिकन अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवलं की घट्ट होतं, मग सुरी घसरत नाही आणि चिरायला निम्मा वेळ लागतो. हे सगळं मॅचला जायच्या आधी उरकून, झाकण लावून फ्रीजमध्ये. भाज्या पण तेव्हाच: दोन गाजरं आणि मूठभर फरसबी अगदी बारीक, एक ढोबळी मिरची, पातीची एक जुडी (पांढरा भाग वेगळा, हिरवा वेगळा), आणि कोबीचा जो भाग वाट्यांना चालत नाही तो बारीक चिरून.

माणसं आली की तवा कडक तापवा. धूर निघायला लागला की एक चमचा तेल आणि निम्मं चिकन. पसरून एका थरात. आणि आता सगळ्यात अवघड काम: दोन मिनिटं उलथनं लावायचं नाही. खालची बाजू रंगली की उलटा, अजून तीन-चार मिनिटं, पाणी आटलं आणि कुठं गुलाबी दिसेना झालं की काढून घ्या. दुसरा घाणा तसाच. मग त्याच तव्यात चमचाभर तेल, पातीचा पांढरा भाग, ठेचलेलं आलं-लसूण, लगेच गाजर-फरसबी. दोन मिनिटं. कोबी, ढोबळी मिरची अर्धं मिनिट. चिकन परत आत, चटणी, मीठ, पातीचा हिरवा भाग, गॅस बंद, लिंबू. वर शेंगदाण्याचं जाडसर कूट.

मीठ शेवटी का, असं कुणीतरी विचारणारच. कच्च्या खिम्याला आधी मीठ लावून कालवलं की तो चिकट होतो, एकमेकांना धरतो. कबाब करायचे तर तेच पाहिजे. इथं सुटं मोकळं पाहिजे. भाजीलाही आधी मीठ लागलं की ती पाणी सोडते आणि मऊ पडते.

तव्यावरचा वेळ सगळा मिळून वीस-बावीस मिनिटं.

---

पेठकर_नाद
शुक्रवार, सकाळी ८:०२

लई भारी लिहिलंयसा भटारखाना. पण रविवार, मॅच, घरात मटण, आणि आधी चिकन? ह्ये काय जमंना. २०१९ ला मटणाच्या दरावरनं आंदोलन केलेलं गाव हाय हे.

---

मोजूनमापून
शुक्रवार, सकाळी ९:३०

भटारखान्यांच्या कृतीला अनुमोदन, दोन गोष्टी जोडते.

कच्चं चिकन नळाखाली धुवू नका. आपल्याकडे धुतल्याशिवाय चैन पडत नाही हे मला माहीत आहे, माझ्या सासूबाईंशीही यावरून रोजचा वाद आहे. पण धुतल्यानं जंतू मरत नाहीत. ते पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर ओट्यावर, बेसिनमध्ये आणि शेजारी निथळत ठेवलेल्या कोबीच्या पानांवर उडतात. इथं तर पानं कच्चीच खायची आहेत! जंतू मरतात ते शिजवल्यावर, आतपर्यंत ७४ अंश गेल्यावर. घरात थर्मामीटर नसेल तर सगळ्यात जाड तुकडा कापून बघा, आत गुलाबी नको आणि रस स्वच्छ हवा. धुवायचंच असेल तर अख्खं असताना पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हातानं धुवा आणि कापडानं टिपा. ओलं चिकन तव्यावर टाकलं तर वर म्हटलंय तसं उकडणारच.

आणि भाज्या आधी चिरा, चिकन मागाहून. पाट एकच असेल तर हा क्रम अजिबात बदलायचा नाही.

---

कोबीगाजर
शुक्रवार, सकाळी १०:१०

सासर_पुणे, पानं फाटतात कारण तुम्ही ती बाहेरून ओढून सोलता. गड्डा उलटा धरा, सुरीच्या टोकानं मधला दांडा शंकूसारखा कोरून काढा, आणि त्या खड्ड्यात नळाची बारीक धार सोडा. पाणी पानांच्या मधे शिरतं आणि पान आपसूक सुटतं. बाहेरची दोन-तीन जाड हिरवी पानं सोडून द्या, ती चिवट असतात. त्याच्या आतली तळहाताएवढी, वाटीसारखी खोलगट असलेली घ्या. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून बघून घ्या, कोबीत अळी निघते. मग बर्फाच्या पाण्यात घाला, कडकडीत होतात. पुसून घ्या मात्र, नाहीतर खिम्याखाली तळं साचतं.

गड्डा निवडताना हाताला हलका लागणारा, जरा सैल असा घ्या. घट्ट दगडासारख्या गड्ड्याची पानं कितीही पाणी सोडलं तरी नीट सुटत नाहीत.

---

सासर_पुणे
शुक्रवार, सकाळी १०:२५

धन्यवाद! आज संध्याकाळीच करून बघते.

---

बावड्याची_माई
शुक्रवार, दुपारी २:४०

सगळ्यांचं वाचलं. कामं आवरून आता लिहितोय.

मंगळवारपेठी, तुमच्या घरात रविवारी सकाळी मटण शिजणारच आहे न्हवं? मग वेगळं चिकन आणून, चिरून, परत शिजवायचा घाट कशाला? आमच्यात असं करत्यात बघा.

मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवायला टाकलं की त्यात मांडीचे बिनहाडाचे तुकडे जरा जास्तीचे टाकायचे. अर्धा किलो धरा. अळणी झाली की रस्सा फोडणीला टाकायच्या आधीच हे तुकडे झाऱ्यानं उचलायचे. मसाला लागायच्या आधी. कोमट झाले की बोटांनी रेषेरेषेनं सुटं करायचं, म्हणजे दोऱ्यासारखं मोकळं होतंय. नीट शिजलेलं असलं तर सुरी लागत नाही, अंगठ्यानं दाबलं की उकलतं. डब्यात भरून वर पळीभर अळणी घालायची आणि थंड करून फ्रीजात.

संध्याकाळी माणसं हातपाय धुवून बसेपर्यंत तवा तापलेला असतोय. मटण आधीच शिजलेलं, त्यामुळं कच्चं राहायची भीती न्हाई. डब्यातली अळणी निथळून घ्यायची, ती टाकायची न्हाई, बाजूला ठेवायची. तव्यावर चमचाभर तेल, मटणाचे दोरे पसरून टाकायचे. कडा कुरकुरीत झाल्या की बाजूला सारायचे, मधे जागा करून पातीचा पांढरा, गाजर, ढोबळी मिरची. वरनं कोबी. चटणी. आणि ती निथळून ठेवलेली अळणी दोन चमचे वरनं शिंपडायची. चर्र होतंय आणि तव्याला धरलेलं सगळं सुटून भाजीला लागतंय. खरी चव तितंच हाय.

दहा मिनिटं. दहा म्हणजे दहाच.

पेठकरांची अळणी पण वाटीत द्या की. कोण न्हाई म्हणतंय. वाटीत अळणी, बशीत हे.

---

पेठकर_नाद
शुक्रवार, दुपारी २:४६

माई, नाद खुळा. ह्याला म्हणत्यात विषय हार्ड.

---

भटारखाना
शुक्रवार, दुपारी ३:३०

माईंनी बाजी मारली. हे मला सुचायला हवं होतं असं म्हणणार होतो, पण हॉटेलात अळणीचे तुकडे असे वेगळे काढायला कुणी देत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. मटणाची चरबी गार झाली की थिजते आणि टाळ्याला चिकटते. त्यामुळे माईंचं मटण बर्फातून काढलेल्या कोबीच्या पानात घालू नका. ते बशीत, गरमागरम, तव्यावरून थेट. गार पानाच्या वाटीत चिकन चालतं कारण कोंबडीची चरबी एवढी घट्ट होत नाही. आणि मटणाचं लगेच संपलं पाहिजे. अर्ध्या तासानं ते कुणी खाणार नाही. तेव्हा सगळं एकदम न करता दोन घाण्यांत करा. पहिली बशी फिरते तोवर दुसरा घाणा तव्यावर.

---

मंगळवारपेठी
शुक्रवार, संध्याकाळी ६:१५

माई, हे म्हणजे घरातलंच घरात. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली "हे आम्हाला माहीत नव्हतं होय!" पण चेहऱ्यावरून माहीत नव्हतं असं वाटलं.

दोन शंका. चटणी किती आणि कधी? आमची घरची कांदा-लसूण चटणी जहाल आहे, पुण्याचे पाहुणे आहेत. आणि चटणी तव्यावर टाकली की ठसका उठतो, सगळं घर खोकतं.

---

बावड्याची_माई
शुक्रवार, संध्याकाळी ७:००

सपाट एक चमचा. त्याच्यावर न्हाई. रश्श्यात तिखट हायच की पुढं.

ठसका उठतोय कारण चटणी कोरड्या तापल्या तव्यावर पडत्या. तिच्यात मिरची एकटी नसत्या. भाजलेलं खोबरं, तीळ, तळलेला कांदा, लसूण सगळं डंकावर कुटलेलं असतंय. ते आधीच भाजलेलं, परत कडक तव्यावर टाकलं की जळणारच. आणि जळली की कडू. गॅस बारीक करायचा, चटणी वाटीत घेऊन चमचाभर अळणीत कालवायची आणि मग वरनं घालायची.

आणि चटणीत मीठ असतंय, अळणीत मीठ असतंय, मटणाला लावलेलं असतंय. वरनं मीठ घालायच्या आधी एक दोरा तोंडात टाकून बघा. बऱ्याचदा लागतच न्हाई.

---

मोजूनमापून
शुक्रवार, रात्री ८:१०

माईंचं शेवटचं वाक्य अधोरेखित करते. मंगळवारपेठींच्या वडिलांना रक्तदाबाचं काही असेल तर त्यांच्या बशीत भाजी जास्त, दोरे कमी, आणि चटणीऐवजी मिरपूड-लिंबू.

तेलाचं म्हणाल तर अळणीवर जो तवंग येतो तो फ्रीजात थिजून पांढरा थर होतो. डबा उघडल्यावर तो चमच्यानं काढून टाका, निम्मं काम तिथंच झालं. आणि तुकडे सकाळी काढून संध्याकाळपर्यंत ओट्यावर ठेवायचे नाहीत. शिजलेलं मटण दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. निथळून ठेवलेली अळणी वापरायच्या आधी खळखळून उकळा.

---

पेठकर_नाद
शुक्रवार, रात्री ८:२०

मॅडम, तवंग काढून टाका? माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

---

मोजूनमापून
शुक्रवार, रात्री ८:२४

तुम्ही तुमचा ठेवा. वडिलांच्या बशीचं बोलतेय.

---

शनिवारी_शाकाहारी
शनिवार, सकाळी ९:००

आमच्याकडे काळजाचं करतात असंच. बकऱ्याचं काळीज, कांदा, ढोबळी मिरची. एक सेंटिमीटरचे तुकडे, तवा कडक, पाच-सहा मिनिटांत तयार. जास्त ठेवलं की रबर होतं. मिरपूड, मीठ शेवटी, लिंबू. भाज्या आधी परतून काढायच्या कारण काळीज कुणाची वाट बघत नाही. आतून कच्चंही ठेवू नका, मधोमध गुलाबी राहायला नको.

आज शनिवार, नुसतं लिहितोय.

---

मोजूनमापून
शनिवार, सकाळी ९:४०

काळीज उत्तमच, लोहासाठी तर फारच. पण पाहुण्यांत कुणी गरोदर असेल तर त्यांना देऊ नका. त्यात अ जीवनसत्त्व फार असतं, ते बाळाला चालत नाही.

---

सासर_पुणे
शनिवार, सकाळी ११:१५

काल केलं. कोबीच्या दांड्यात पाणी सोडायची युक्ती कमालीची आहे, चौदा पानं अख्खी निघाली. चिकन भटारखान्यांच्या पद्धतीनं, दोन मिनिटं न हलवता. हात शिवशिवत होते हलवायला! रंग खरंच वेगळा आला.

बरोबर घट्ट दह्यात हिरव्या मिरचीचा खर्डा कालवून दिला. दही फडक्यात तासभर टांगलं होतं, नाहीतर पानातून ओघळतं. मुलाला खर्डा सोसत नाही, त्याच्या दह्यात पुदिना आणि किंचित साखर.

एकच प्रश्न. आमच्याकडे एक जाऊबाई शाकाहारी आहेत. त्यांना काय?

---

कोबीगाजर
शनिवार, सकाळी ११:५०

मशरूम. फक्त तेल नंतर. आधी कोरड्या तापल्या तव्यावर मशरूमच्या चकत्या टाका, भरपूर पाणी सोडतील, ते आटू द्या, मग तेल आणि लसूण. पुढं सगळं तसंच. आणि त्यांचं आधी करा, स्वच्छ तव्यावर, स्वच्छ उलथन्यानं. चिकन झाल्यावर तवा पुसून "तुमचं वेगळं केलंय हो" असं म्हणणारी घरं आहेत. जाऊबाईंना कळतं ते.

---

सासर_पुणे
शनिवार, दुपारी १२:०५

कळतं, आणि त्या बोलत नाहीत. ते जास्त वाईट.

---

मंगळवारपेठी
रविवार, रात्री ११:५५

आत्ता कुठं भांडी आवरली. मॅचचं विचारू नका.

सकाळी मांडीचे तुकडे जास्तीचे मागितले तर खाटीक म्हणाला, रश्श्याला हाड पाहिजे, मांडी कशाला? त्याला सगळं सांगितलं. त्यानं तुकडे मोठे ठेवायला सांगितलं, लिंबाएवढे. बारीक केले तर अळणीत विरघळून जातील म्हणे. हे खरं निघालं. मोठ्या तुकड्यांचे दोरे लांब आणि सुरेख सुटले. आईनं आणि मी टीव्हीसमोर बसून परातीत सोडवले.

संध्याकाळी आधी अळणीच्या वाट्या फिरवल्या. मग पहिला घाणा. तव्यावर मटणाच्या कडा तांबूस झाल्या, गाजर-पात पडली आणि वरून अळणी शिंपडली तेव्हा जो आवाज आणि वास आला, त्यानं बाहेरच्या खोलीतली मॅचची भांडणं थांबली आणि माणसं स्वयंपाकघराच्या दारात. बशी बाहेर न्यायची वेळच आली नाही, तव्यापाशीच संपलं. दुसरा घाणा तसाच. तिसरा मागत होते, तो मुद्दाम केला नाही.

पुण्याच्या पाहुण्यांसाठी थोडं चिकनही केलं होतं, कोबीच्या वाट्यांत. ते त्यांनी खाल्लं, छान म्हणाले, आणि मग मटणाची बशी धरून बसले.

नऊ वाजता पानं वाढली तेव्हा सगळ्यांना कडकडून भूक होती. पांढरा संपला. तांबडा संपला. भातच उलट कमी पडला.

वडिलांनी मिरपूड-लिंबाची बशी खाल्ली आणि वर माझ्या बशीतून दोन दोरे उचलले. मी बघितलं नाही असं दाखवलं.

---

पेठकर_नाद
सोमवार, सकाळी ७:३०

मॅचचं न विचारायला काय झालं? दोन गोलांनी गेली. आम्ही विचारणार.

---

मंगळवारपेठी
सोमवार, सकाळी ७:४१

रेफ्री.

---

भटारखाना
सोमवार, सकाळी ८:२०

खाटकाचं बरोबर आहे. तुकडा लहान केला की रेषा तुटते, मग दोरा निघत नाही, चुरा निघतो. मांडीच्या ऐवजी खांद्याचं मिळालं तरी चालेल, त्याला शिजायला जरा जास्त वेळ लागतो पण सुटतं छान.

ज्यांना रविवारी अळणी लावायची नाही आणि अधल्यामधल्या वारी पटकन करायचं आहे त्यांनी मटणाचा खिमा तव्यावर कच्चा परतायला जाऊ नये, चिवट राहतो. कुकरला हळद आणि दोन चमचे पाणी घालून चार शिट्ट्या, मग उघडून मोठ्या आचेवर पाणी आटवा, मग भाज्या. घाईत असाल तर चिकनच बरं.

---

कोबीगाजर
सोमवार, सकाळी १०:००

उन्हाळ्यात कोबी-गाजराला ही चव नसते. तेव्हा काकडी घ्या. जाड काकडीचे दोन इंचांचे तुकडे, मधला बियांचा भाग चमच्यानं कोरायचा पण तळ शाबूत ठेवायचा. त्यात चिकन भरा. मिठाचा हात काकडीला लावू नका, वाढेपर्यंत पाण्यात पोहायला लागेल सगळं.

---

शनिवारी_शाकाहारी
सोमवार, सकाळी १०:४५

माई, मटणाचे दोरे उरले तर दुसऱ्या दिवशी काय करता? भाजीसकट उरले तर गाजर मऊ पडतं.

---

बावड्याची_माई
सोमवार, दुपारी १:३०

उरत न्हाईत. पण उरलेच तर भाजीसकट सुरीनं बारीक करायचे, दोन अंडी फोडायची, कोथिंबीर, हिरवी मिरची, आणि तव्यावर जाड पोळा. बारीक गॅसवर झाकण ठेवून. गाजर मऊ असलं तर पोळ्यात उलट बरं लागतंय. मीठ घालायचं न्हाई, आधीचं पुरतंय. भाकरी शिळी असली तरी चालत्या त्याच्याबरोबर.